मधला ढोल: गरिफुनांचं संगीत आणि पूर्वजांचा उपचार

रक्त तपासून झालं, एक्स-रे काढला, सोनोग्राफी झाली. रिपोर्ट सगळे नॉर्मल. तरी माणसाला रात्र रात्र झोप नाही, जेवण जात नाही, अंगात त्राण नाही. डॉक्टर सांगतात, ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका.’ घरच्यांना कळत नाही की ‘काही नाही’ तर हा माणूस असा खंगतोय का. आपल्यापैकी बहुतेकांनी असा एखादा आजार घरात नाहीतर शेजारात पाहिलेला असतो.

मध्य अमेरिकेच्या कॅरिबियन किनाऱ्यावर राहणाऱ्या गरिफुना लोकांकडे अशा वेळी एक उपाय असतो. ते समुद्रकाठच्या देवळात तीन ढोल मांडतात, बेलीझपासून न्यूयॉर्कपर्यंत पांगलेल्या सगळ्या भाऊबंदांना बोलावतात आणि दिवसरात्र गातात, नाचतात, जेवू घालतात. या विधीला ते ‘दुगू’ म्हणतात. विधी संपल्यावर रोगी पुष्कळदा उठून कामाला लागतो, असा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे.

ढोल वाजवून माणूस बरा कसा होईल? ‘श्रद्धेचा प्रश्न आहे, बोलू नये’ असं म्हणता येतं आणि ‘अंधश्रद्धा आहे, सोडून द्या’ असंही म्हणता येतं. दोन्ही उत्तरांनी विषय तिथेच मिटतो. मला तो उघडून पाहावासा वाटतो, कारण याच देवळातल्या ठेक्यांतून पुढे अँडी पॅलासिओ या बेलीझच्या गायकाने जगभर ऐकलं गेलेलं संगीत उभं केलं. ते संगीत नीट ऐकायचं तर आधी देवळात जायला हवं.

बेटावरून हाकललेली माणसं

गरिफुनांचं मूळ घर सेंट व्हिन्सेंट हे बेट. तिथल्या मूळच्या कॅरिब-अरावाक रहिवाशांमध्ये आफ्रिकी माणसं मिसळली. काही जण फुटलेल्या गुलामवाहू जहाजांतून वाचलेले, तर काही आसपासच्या बेटांवरच्या मळ्यांतून पळून आलेले. त्यातून एक नवा समाज घडला. भाषा मुख्यतः अरावाक कुळातली, ढोल आफ्रिकेचे, आणि कसावाच्या कंदाची भाकरी मूळ रहिवाशांची.

ब्रिटिशांना ऊस लावायला हे बेट हवं होतं. १७९५ मध्ये गरिफुनांचा प्रमुख जोसेफ शातोयेर लढाईत मारला गेला. पुढच्या वर्षी चार हजारांहून अधिक गरिफुनांना बालिसो नावाच्या उजाड, गोड्या पाण्याची वानवा असलेल्या बेटावर कोंडण्यात आलं. काही महिन्यांतच त्यांतले निम्म्याच्या आसपास रोगराईने मेले. उरलेल्यांना जहाजांत भरून १२ एप्रिल १७९७ रोजी होंडुरासजवळच्या रोआतान बेटावर उतरवण्यात आलं. तिथे पोहोचलेले जेमतेम दोनेक हजार. आज होंडुरास, बेलीझ, ग्वाटेमाला आणि निकाराग्वाच्या किनाऱ्यांवर पसरलेला समाज त्या दोन हजारांचा वंशविस्तार आहे.

हा इतिहास सांगण्याला कारण आहे. ज्या समाजाची निम्मी माणसं धड अंत्यसंस्कारांशिवाय एका बेटावर मागे राहिली, त्याच्या उपचारशास्त्रात मेलेल्यांना सर्वांत वरचं स्थान मिळावं, यात मला नवल वाटत नाही.

आजार कुणाचा, हे आधी ठरतं

गरिफुना माणूस आजारी पडला की उठसूट देवळात जात नाही. तो आधी घरगुती काढे घेतो, दवाखान्यात जातो, औषधं खातो. त्यांच्या लेखी आजार दोन जातीचे. ताप, जुलाब, मोडलेलं हाड हे शरीराचे आजार, आणि त्यांना डॉक्टर आहे. पण औषध लागू पडत नाही, दुखणं रेंगाळतं, आणि त्यात मेलेली आजी किंवा चुलता वारंवार स्वप्नात येऊ लागतो, तेव्हा घरच्यांना शंका येते की हे ‘गुबिदां’चं काम असावं. गुबिदा म्हणजे कुळातले पूर्वज. त्यांना विसरलं, त्यांचं जेवण-पाणी चुकवलं, तर ते वंशजांपैकी एखाद्याला धरतात.

मग कुटुंब ‘बुयेई’कडे जातं. बुयेई म्हणजे उपचार करणारा पुजारी. बाईही असते, पुरुषही असतो. आपल्या साहाय्यक आत्म्यांना बोलावून तो पूर्वजांना विचारतो, काय हवं? कधी नुसतं स्नान घालून भागतं, कधी एक दिवसाचं जेवण पुरतं. पूर्वज फारच रुसलेले असतील तर मागणी येते दुगूची.

इथेच एक गोष्ट घडून गेलेली असते. कालपर्यंत रोग एका माणसाचा होता. निदान झाल्यावर तो सगळ्या कुळाचा होतो. रोग्याने काही चूक केलेली असेलच असं नाही. पूर्वजाने आपलं म्हणणं सांगायला त्याला निवडलं, एवढंच. त्यामुळे बिछान्यावर पडून राहिल्याचा अपराधीपणा त्याच्या डोक्यावरून उतरतो आणि जबाबदारी भाऊबंदांवर येते. पैसे जमवायचे, देऊळ शाकारायचं, कोंबडे-डुकरं घ्यायची, परदेशातल्यांनी रजा काढायची. तयारीला वर्ष सहज जातं, आणि या सगळ्या काळात रोग्याला माहीत असतं की आपल्यासाठी घर हललेलं आहे.

देवळात काय चालतं

देवळाला ‘दाबुयाबा’ म्हणतात. झावळ्यांचं छप्पर, मातीची जमीन, समोर समुद्र. विधीच्या आधी काही जण होड्या घेऊन दूरच्या छोट्या बेटांवर मासे, खेकडे, शंख आणायला जातात आणि ठरल्या पहाटे परततात. किनाऱ्यावर सगळा गाव ढोल घेऊन उभा असतो, कारण होड्यांतून माशांबरोबर पूर्वजही येतात असं मानतात. अंगावरचे कपडे शेंदरीच्या बियांनी लालसर रंगवलेले असतात.

आत तीन ढोल शेजारी शेजारी. एकाच लाकडाच्या ओंडक्याला पोखरून केलेले, वर हरणाचं किंवा रानडुकराचं कातडं ताणलेलं. त्या कातड्यावर एक-दोन तारा आडव्या ओढलेल्या असतात. ढोलावर हात पडला की खाली घुमारा उठतो आणि वर त्या तारांची झणझण. दोन्ही एकदम ऐकू येतात.

गावातल्या नाचगाण्यात गरिफुना दोन प्रकारचे ढोल वाजवतात. ‘सेगुंदा’ हा मोठा ढोल ठेका धरून ठेवतो, आणि ‘प्रिमेरा’ हा लहान ढोल त्यावर नाचणाऱ्यांच्या पायांशी सवालजवाब करतो. दुगूत मात्र प्रिमेरा नसतो. तिन्ही ढोल सेगुंदा जातीचे आणि तिघेही एकच ठेका एकसाथ वाजवतात. कुणी कलाकुसर दाखवत नाही. मधल्या ढोलाला ‘हृदयाचा ढोल’ म्हणतात, तो वाजवणारा पुढारी. बुयेईच्या हातात भोपळ्याचे खुळखुळे. माणसं पाय जमिनीवरून फारसे न उचलता, घासत घासत, वर्तुळात सरकतात.

विधीचा गाभा म्हणजे ‘माली’. बुयेई, ढोलवाले आणि नाचणारे सगळे मिळून एकेका दिशेला वळतात आणि ढोल जमिनीच्या दिशेने झुकवतात, म्हणजे मातीतल्या पूर्वजांच्या अगदी कानाशी. हे एकदा नाही, पुन्हा पुन्हा होतं. मध्ये ढोल थांबतात, तेव्हा बायका एकमेकींचे हात धरून रांगेत उभ्या राहतात आणि कुठल्याही वाद्याशिवाय, हात झुलवत गातात. ही गाणी कित्येकदा कुणाला तरी स्वप्नात, पूर्वजाकडून मिळालेली असतात. याच काळात काहींच्या, बहुतेक वेळा बायकांच्या, अंगात पूर्वज येतात. ते बोलतात, तक्रारी करतात, रम मागतात, नातवंडांना जवळ घेतात. रुसवा निघाला की त्यांची पाठवणी होते.

बहुसंख्य गरिफुना कॅथलिक आहेत. चर्चने या विधीला बराच काळ विरोध केला. लोकांनी चर्चमधली प्रार्थना सोडली नाही आणि दुगूही सोडला नाही.

चौकट: थोडक्यात दुगू
दुगू: रुसलेल्या पूर्वजांना जेवू घालून, गाऊन-नाचून शांत करण्याचा अनेक दिवसांचा विधी.
गुबिदा: कुळातले पूर्वज.
बुयेई: निदान आणि विधी करणारा पुजारी.
दाबुयाबा: समुद्रकाठचं देऊळ.
सेगुंदा: ठेका धरणारा मोठा ढोल. दुगूत असे तीन, एकसुरात.
माली: चार दिशांना वळून पूर्वजांची समजूत काढण्याचा मुख्य भाग.
मान्यता: गरिफुनांची भाषा, नृत्य आणि संगीत यांना २००१ मध्ये युनेस्कोने मानवजातीचा मौखिक वारसा म्हणून गौरवलं.

ढोल अंगात कसा शिरतो

आता यंत्रणेकडे येऊ. पहिला टप्पा शरीराचा.

आषाढात दिंडीबरोबर कधी चालला असाल तर आठवा. टाळ-मृदंगाचा ठेका सुरू झाला की आपलं पाऊल आपोआप त्यावर पडू लागतं, आणि न पडू द्यायचं ठरवलं तर उलट कष्ट होतात. दुगूतही हेच घडतं.

याचं कारण असं की मेंदू ठेका नुसता ऐकत नाही, तो पुढच्या ठोक्याचा अंदाज बांधतो. जेसिका ग्रान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना स्कॅनरमध्ये निश्चल झोपवून ठेके ऐकवले. माणूस हलत नसतानाही मेंदूतली हालचालींचं नियोजन करणारी केंद्रं जागी झालेली दिसली. ठेका कानावर पडला की शरीर आतल्या आत नाचायला लागलेलं असतं.

त्यात ढोलाचा आवाज खर्जातला. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी एका खऱ्याखुऱ्या संगीत कार्यक्रमात, प्रेक्षकांच्या नकळत, कानांना जवळजवळ न जाणवणारे अतिखर्जाचे आवाज मधूनमधून चालू-बंद केले. आवाज चालू असताना लोकांची हालचाल सुमारे १२ टक्क्यांनी वाढली. २०२२ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. खर्जाचं स्पंदन कानाबरोबर त्वचेला आणि आतल्या कानाच्या तोल सांभाळणाऱ्या भागालाही जाणवतं, असं त्यामागचं स्पष्टीकरण आहे. मातीच्या जमिनीवर अनवाणी उभ्या माणसांच्या शेजारी तीन मोठे ढोल एकसाथ वाजतात, तेव्हा काय होत असेल याची कल्पना यावरून करता येते.

आणि एकत्र हलण्याने दुखणं खरोखर कमी जाणवतं. ऑक्सफर्डच्या होडी वल्हवणाऱ्या खेळाडूंवर २००९च्या सुमारास एक साधा प्रयोग झाला. तेच खेळाडू, तेवढेच श्रम, पण एकदा एकेकटे आणि एकदा सगळे मिळून एका लयीत. दोन्ही वेळा व्यायामानंतर दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा आवळून, कळ कितपत सोसते ते पाहिलं. लयीत एकत्र वल्हवल्यावर सोसण्याची ताकद जास्त भरली. शरीरात तयार होणारी वेदनाशामक द्रव्यं, म्हणजे एंडॉर्फिन्स, याला कारण असावीत असं संशोधक मानतात. पुढे एकत्र नाचणाऱ्यांवरही तसाच परिणाम आढळला.

दुगूत तिन्ही ढोल कलाकुसर टाळून एकच ठेका का धरतात, याचं उत्तर मला इथे मिळतं. वादकाच्या करामतीकडे पाहत राहायचं नाही, म्हाताऱ्या आजीपासून न्यूयॉर्कहून आलेल्या नातवापर्यंत सगळ्यांची पावलं जुळायला हवीत. त्यासाठी ठेका सोपा, भरीव आणि न थकणारा लागतो.

मग ढोलवाल्याच्या अंगात का येत नाही?

इतकं वाचून कुणी म्हणेल, म्हणजे ढोलाच्या मात्रेने मेंदूवर अंमल चढतो आणि माणूस भान हरपतो. १९६०च्या आसपास असं एक मत जोरात होतं. ढोलाचे ठोके मेंदूच्या विद्युतलहरींना आपल्या तालावर ओढतात, असं ते सांगायचं.

फ्रेंच संगीतशास्त्रज्ञ जिल्बेर रूजे यांनी १९८० मध्ये या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला आणि या मताला सरळ प्रश्न विचारला. ढोलच जर भान घालवत असेल, तर सर्वांत आधी ढोलवाल्याचं जायला हवं. तो तर ढोलाला सर्वांत जवळ, तासन्‌तास. पण जगभर पाहिलं तर वाजवणारे सहसा भानावर असतात, आणि ज्यांच्याकडून अपेक्षा असते त्यांच्याच अंगात येतं. पाहुणे म्हणून आलेल्यांच्या तर बहुधा नाहीच.

रूजेंचं म्हणणं मला पटतं. संगीत दार उघडतं, पण आत कोण येणार हे समाजाने आधीच शिकवलेलं असतं. लहानपणापासून मुलगी पाहते की मावशीच्या अंगात पूर्वज कसे येतात, ते कसे चालतात, काय बोलतात, कधी जातात. वेळ आली की तिचं शरीर शिकलेली वाट धरतं. हे सोंग नव्हे. मातृभाषा बोलताना आपण व्याकरण आठवत बसत नाही, तितक्याच सहजपणे ते घडतं.

बरं कोण करतं?

शेवटचा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा टप्पा उपचाराचा.

बोस्टनमध्ये टेड कॅपचक आणि सहकाऱ्यांनी पोटाच्या जुनाट तक्रारी असलेल्या २६२ रुग्णांवर केलेला प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला नुसतं प्रतीक्षायादीत ठेवलं. दुसऱ्याला त्वचेत न शिरणाऱ्या खोट्या सुयांचा उपचार दिला, पण उपचार करणारा मोजकंच बोलला. तिसऱ्यालाही त्याच खोट्या सुया, फक्त उपचार करणाऱ्याने आस्थेने विचारपूस केली, ऐकून घेतलं, धीर दिला. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडल्याचं सांगणारे होते अनुक्रमे २८, ४४ आणि ६२ टक्के. औषध कुठेच नव्हतं. फरक पडला तो विधीने आणि माणसाने.

हा एका अनोळखी उपचारकाच्या आस्थेचा परिणाम. दुगूत रोग्यासाठी सगळं कुळ वर्षभर राबतं, भांडलेले भाऊ एका होडीत बसून मासे आणतात, मेलेली आजी स्वतः येऊन डोक्यावरून हात फिरवते. मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांनी १९४९ मध्ये याच कॅरिबियन किनाऱ्यावरच्या, पनामातल्या कुना लोकांचं एक गाणं अभ्यासलं होतं. बाळंतीण अडली की तिथला वैद्य ते गातो. त्यांचा निष्कर्ष असा की ज्या वेदनेला नाव नव्हतं तिला गाणं एक गोष्ट देतं, आणि गोष्ट मिळाल्यावर वेदना सोसता येते, पुढे सरकते. दुगू ही गोष्ट एकट्या रोग्याला नाही, सगळ्या घराला देतो.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. ढोलाने क्षयाचे जंतू मरत नाहीत, मधुमेह उतरत नाही. झोप, भूक, वेदना, उदासी, एकटेपणाने आलेली मरगळ, घरातल्या जुन्या वैराने पोखरलेलं मन यांवर त्याची सत्ता चालते. हे आजार थोडे नाहीत, आणि रिपोर्ट नॉर्मल येणाऱ्यांत त्यांची संख्या मोठी असते.

देवळातला ठेका रेकॉर्डवर

अँडी पॅलासिओ १९६० मध्ये दक्षिण बेलीझच्या बॅरान्को या छोट्या गावात जन्मले. १९८० मध्ये साक्षरता मोहिमेत शिकवायला ते निकाराग्वाला गेले. तिथल्या गरिफुनांमध्ये भाषा जवळजवळ संपली होती, काही म्हातारी माणसंच ती बोलत. पॅलासिओंनी एका वृद्धाला गरिफुनात नमस्कार केला, तेव्हा इतक्या तरुण मुलाच्या तोंडी आपली भाषा ऐकून त्याचा विश्वास बसेना. हा प्रसंग पॅलासिओ पुढे मुलाखतींतून सांगत राहिले. आपल्या गावाचंही उद्या हेच होईल, हे त्यांना तिथे दिसलं.

त्या काळात बेलीझमध्ये ‘पुंता रॉक’ची लाट होती. पुंता हा मुळात मृताच्या नवव्या रात्रीच्या जागरणाचा नाच. पेन कायेतानो यांनी त्याला इलेक्ट्रिक गिटार जोडून तरुणांचं संगीत केलं होतं. पॅलासिओही त्या लाटेत नावारूपाला आले. पण पुंताचा झपाटा म्हणजे सगळं गरिफुना संगीत नव्हे. निर्माते इव्हान दुरान यांच्याबरोबर त्यांनी मागे वळून पाहिलं. हॉपकिन्स या किनाऱ्यावरच्या गावात समुद्राकाठच्या घरात ध्वनिमुद्रण मांडलं आणि वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या पिढ्यांच्या गरिफुना कलावंतांना बोलावलं. त्यात १९२८ साली जन्मलेले पॉल नाबोर होते आणि होंडुरासचे तरुण ऑरेलिओ मार्तिनेझही. यातून २००७ मध्ये ‘वातिना’ हा अल्बम आला, सगळाच्या सगळा गरिफुना भाषेत.

त्यात गिटारवरचा सावकाश ‘परांदा’ आहे, पुंता आहे आणि दुगूचा पवित्र ठेकाही आहे. गरिफुनांकडे देवळातल्या ठेक्याचा एक लौकिक भाऊबंद आधीपासून होता, ‘हुंगुहुंगु’ नावाचा. तीन मात्रांचा, वर्तुळात सरकत नाचायचा. म्हणजे पवित्र आणि लौकिक यांच्यात भिंत नव्हती, उंबरठा होता, आणि पॅलासिओ त्या उंबरठ्यावरून आत-बाहेर करत होते. याच अल्बममधल्या ‘आमुन्येगू’ या गाण्यात पुढच्या काळात ही भाषा कोण बोलेल याची काळजी आहे. मला ते गाणं दुगूच्या जातीचंच वाटतं. तिथे घर आजारी असतं, इथे भाषा.

२००७ मध्येच पॅलासिओंना युनेस्कोने शांतिदूत कलावंत म्हणून निवडलं. १९ जानेवारी २००८ रोजी, वयाच्या ४७व्या वर्षी, ते पक्षाघात आणि हृदयविकाराने गेले. त्याच वर्षी दुरान यांचा गरिफुना बायकांच्या गाण्यांचा ‘उमालाली’ हा अल्बम आला. पॅलासिओंनंतर हा वारसा पुढे नेणारे ऑरेलिओ मार्तिनेझ मार्च २०२५ मध्ये रोआतानजवळच्या विमान अपघातात गेले, म्हणजे १७९७ मध्ये त्यांचे पूर्वज जिथे उतरवले गेले त्याच पाण्यात.

रेकॉर्ड ऐकून कुणाचा आजार बरा होणार नाही, कारण उपचारातला मोठा वाटा भाऊबंदांचा असतो आणि तो ध्वनिमुद्रित करता येत नाही. पण ज्या ठेक्याने ते भाऊबंद एकत्र येतात, तो मात्र ऐकता येतो. ‘वातिना’ आणि ‘उमालाली’ दोन्ही सहज मिळतात. हेडफोन लावून ऐका, गिटार बाजूला ठेवा आणि ठेका धरून ठेवणाऱ्या मोठ्या ढोलावर लक्ष द्या. पहिल्यांदा पुंता ऐकलात तर पाय थिरकतील. त्यानंतर ‘आमुन्येगू’ जरूर लावा.